शंभर यार्डांची रेघ

कॉलेजातली धूम्रपानबंदी पाटीवरून गेटावर आणायची, तर आपल्या वस्तीने काय करायचं?

आमच्या वस्तीतले एक काका नांदेडमधल्या एका कॉलेजच्या गेटावर वॉचमन आहेत. ठेकेदाराकडून लागलेले, अकरा महिन्यांचा करार. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ते विहारात वंदनेला आले आणि वंदना झाल्यावर कोपऱ्यात तसेच बसून राहिले. विचारलं तेव्हा म्हणाले, "दोन पोरं पार्किंगमधी सिगारेट ओढत होती. मी म्हणलं, बाबांनो, इथं बंदी हाय, पाटी वाचा. तर एक जण म्हणतो, मामा, तुमची नोकरी किती दिसाची हाय ते बघा आधी." काका हसत हसत सांगत होते, पण त्यांचा हात थरथरत होता. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पार्किंगकडे बघणंच सोडून दिलं.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत वस्तीतल्याच एका ताईंचा मुलगा लातूरहून घरी आला. बारावी आणि नीटची तयारी करतोय. जेवताना म्हणाला, "आई, भाजी लई तिखट झाली." भाजी नेहमीसारखीच होती. ताईंनी तोंड उघडायला सांगितलं, तर दोन बोटंसुद्धा नीट आत जाईनात. सरकारी दवाखान्यात दंतवैद्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मावा खातोस का?" मुलगा खाली बघत राहिला. रात्री अभ्यासाला झोप येऊ नये म्हणून मित्रानं दिला होता. टपरी क्लासच्या रस्त्यावरच होती.

वॉचमन काकांचा अपमान आणि या मुलाचं आखडलेलं तोंड, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. कायदा आहे, पाटी आहे, पण राबवणारं कुणी नाही. जे राबवू पाहतात त्यांच्यामागे कुणी उभं नाही. म्हणून विहारातल्या काही महिला आणि कॉलेजला जाणारी मुलंमुली मिळून आम्ही हा कायदा वाचायला बसलो. त्यात काय सापडलं, आम्ही काय केलं, कुठे चुकलो, ते या महिन्याच्या आरोग्याच्या पानावर सांगतो आहोत.

ही बंदी आली कुठून?

धूम्रपानबंदी म्हणजे कॉलेजने आपल्या मर्जीने लावलेला नियम, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. नागरिकांनी कोर्टाची पायरी चढून ती मिळवली आहे. केरळमध्ये मोनम्मा कोक्कड या महाविद्यालयीन प्राध्यापिकेने दुसऱ्यांच्या धुराचा त्रास होतो म्हणून दाद मागितली आणि १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर बंदी आणली. मुंबईचे मुरली देवरा हे सर्वोच्च न्यायालयात गेले. २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने दवाखाने, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कार्यालये, बस-रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपान बंद करण्याचा आदेश दिला. जो माणूस स्वतः ओढत नाही, त्याला दुसऱ्याच्या धुराने आजारी पाडण्याचा अधिकार कुणालाही नाही, हा त्या आदेशाचा गाभा. जगण्याचा अधिकार देणारे संविधानातले कलम २१ त्याच्या मुळाशी आहे. म्हणजे ही पाटीसुद्धा शेवटी बाबासाहेबांच्या संविधानावरच उभी आहे.

त्यानंतर २००३ मध्ये संसदेने सिगारेट आणि अन्य तंबाखू उत्पादने कायदा केला. 'कोटपा' म्हणतात तो हाच. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यावरचे सविस्तर नियम २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर लागू झाले.

कायद्यातल्या कामाच्या गोष्टी

कलम ४ : सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करता येत नाही. शाळा, कॉलेज, ग्रंथालय, दवाखाना, कचेरी, हॉटेल, बस, रेल्वे स्टेशन, कामाची जागा हे सगळं यात येतं. मोडल्यास २०० रुपयांपर्यंत दंड.

कलम ६ : १८ वर्षांखालच्या कुणालाही तंबाखूचा कोणताही पदार्थ विकता येत नाही. १८ वर्षांखालच्या मुलाला टपरीवर बसवून त्याच्या हातून विकून घेणंही चालत नाही. आणि कोणत्याही शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. याला २०० रुपयांपर्यंत दंड.

शंभर यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर, मोठ्या माणसाची सव्वाशे पावलं. हे अंतर गेटापासून मोजायचं नाही, संस्थेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चहूबाजूंनी मोजायचं. आम्ही पहिल्यांदा गेटापासूनच मोजलं आणि कॉलेजच्या मागच्या भिंतीला चिकटलेली टपरी यादीतून सुटली. कायदा पुन्हा वाचला तेव्हा चूक कळली. फीत घेऊन पुन्हा गेलो.

पाटी : प्रत्येक प्रवेशद्वारावर, प्रत्येक मजल्यावर, जिन्यापाशी आणि लिफ्टपाशी किमान ६० बाय ३० सेंटीमीटरची पाटी पाहिजे. इथे धूम्रपान करणे गुन्हा आहे, हे तिच्यावर हवंच. शिवाय तक्रार कुणाकडे करायची त्या अधिकाऱ्याचं नावही ठळक दिसेल असं लावलेलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी पाटी असते, नाव नसतं. नाव नसलेली पाटी म्हणजे दारावर कडी आहे पण कुलूप नाही, अशी गत.

प्रमुखाची जबाबदारी : तक्रार येऊनही संस्थेच्या प्रमुखाने किंवा जबाबदार अधिकाऱ्याने काही केलं नाही, तर जितके गुन्हे घडले तितक्यांचा दंड त्याच्यावर बसू शकतो. हे वाक्य लक्षात ठेवा. अर्ज लिहिताना फार उपयोगी पडतं.

याशिवाय आणखी काही कायदे आपल्या हाती आहेत. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे मुलाला तंबाखू देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. २०१९ पासून ई-सिगारेट देशभर बंद आहे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकण्यावरही बंदी आणली. मुलं आख्खं पाकीट घेत नाहीत, एक-एक सिगारेट घेतात. सवय लागते ती सुट्या सिगारेटनेच.

आपल्याकडे धूर थोडा, पुडी फार

आपल्या भागात फक्त सिगारेट बंद करून भागणार नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात असं आढळलं. त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला खरा शत्रू धुरात दिसत नाही. तो खिशातल्या पुडीत, चुन्याच्या डबीत, माव्याच्या प्लास्टिकमध्ये आणि आजीच्या मिश्रीच्या डबीत आहे.

कोटपाचं कलम ४ फक्त धूम्रपानाला लागू होतं. वर्गात बसून तंबाखू खाणाऱ्या मुलावर त्या कलमाखाली दंड होत नाही. मग काय करायचं? इथे कॉलेजचा स्वतःचा शिस्तीचा नियम लागतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये तंबाखूमुक्त शिक्षणसंस्थेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. धूर आणि पुडी दोन्ही आवारात नको, ही त्यांची दिशा आहे. आवारात थोटकं, पुड्या आणि थुंकीचे डाग दिसता कामा नयेत. शिस्तीच्या नियमावलीत तंबाखूबंदी लिहिलेली पाहिजे. सहा महिन्यांतून एक तरी जागृतीचा कार्यक्रम व्हावा. शंभर यार्डांची हद्द रस्त्यावर पिवळ्या रेघेने आखावी. आणि 'तंबाखू मॉनिटर' नेमावेत, त्यांची नावं पाटीवर लिहावीत. मॉनिटर शिक्षक, कर्मचारी किंवा विद्यार्थी प्रतिनिधी असू शकतो. आपल्या मुलामुलींनी कॉलेजच्या कामात शिरायची हीच जागा आहे.

दंड घेणं आपलं काम नाही

आमच्यातली काही तरुण मुलं सुरुवातीला फार जोरात होती. म्हणाली, "आपण ग्रुप करू, ओढताना दिसला की तिथंच दोनशे रुपये घेऊ." आम्ही त्यांना थांबवलं. दंड घेण्याचा अधिकार ठराविक लोकांनाच आहे. शिक्षणसंस्थेत तो प्राचार्य, मुख्याध्यापक आणि शिक्षकांना आहे. ग्रंथालयात ग्रंथपालाला, दवाखान्यात अधीक्षकाला, इतर ठिकाणी त्या त्या अधिकाऱ्यांना आणि पोलीस उपनिरीक्षक व त्यावरच्यांना आहे. पावतीपुस्तक त्यांचं, पैसे शासनाचे. पावतीशिवाय आपण रुपया जरी घेतला तरी ती खंडणी होईल आणि पोलिसांत आपल्याच मुलांचं नाव जाईल.

आणखी काही गोष्टी आम्ही आमच्या मुलांना बजावून सांगितल्या. कुणाला हात लावायचा नाही. कुणाचा मोबाइल ओढायचा नाही. कुणाचा फोटो काढून गावभर फिरवायचा नाही. एकट्याने जायचं नाही, दोघा-तिघांनी जायचं, त्यात एखादी मुलगी असली तर फार चांगलं. आपली वस्ती, आपलं आडनाव कळल्यावर साध्या बोलण्याचं भांडण आणि भांडणाचं आणखी काही व्हायला वेळ लागत नाही. हे आपण मराठवाड्यात जन्मलेल्यांना समजावून सांगायला नको. म्हणून तोंडाने वाद नको, कागदाने काम करा.

वॉचमन काकांचा प्रश्नही इथेच सुटला. आम्ही कॉलेजला दिलेल्या अर्जात लिहिलं की सुरक्षारक्षकाला लेखी सूचना द्यावी : त्याने कुणाशी वाद घालायचा नाही, गेटावरच्या नोंदवहीत वेळ आणि जागा लिहायची आणि नेमलेल्या शिक्षकांना फोन करायचा. पुढचं काम शिक्षकांचं. दोन महिन्यांनी तशी सूचना निघाली. काका म्हणाले, "आता मी भांडत नाही. मी लिहितो." ज्या मुलाने नोकरीची धमकी दिली होती, त्याला अधिकार असलेल्या शिक्षकाने दंडाची पावती दिली. काकांनी त्याला बोल लावला नाही, आम्हीही लावला नाही.

अर्ज कसा करायचा

पहिला अर्ज संस्थेच्या प्रमुखाला. त्यात चारच मागण्या ठेवा : पाटीवर तक्रार स्वीकारणाऱ्याचं नाव लिहा, तंबाखू मॉनिटर नेमा, शंभर यार्डांची रेघ आखा, दंडाचं पावतीपुस्तक सुरू करा. दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिला नाही असंच समजा.

बाहेरच्या टपऱ्यांसाठी अर्ज महानगरपालिका किंवा नगरपरिषदेला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला. प्रत जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाला पाठवा. हा कक्ष राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेत चालतो, जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयात त्याची चौकशी करा. गुटखा दिसला तर अन्न व औषध प्रशासनाला कळवा. नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्हे राज्याच्या सीमेवर आहेत, त्यामुळे इथे ही तक्रार जास्तच गरजेची आहे.

महिनाभरात हालचाल नाही झाली, तर माहितीचा अधिकार वापरा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तोही माफ. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत पाहिजे. विचारा : गेल्या वर्षी कलम ४ खाली किती पावत्या फाडल्या? जबाबदार अधिकारी कोण? पाट्या किती आणि कुठे आहेत? उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. पुष्कळ वेळा उत्तर येण्याआधी पाटी लागते.

लातूरच्या पालकांसाठी एक खुलासा. खासगी क्लास हा शंभर यार्डांच्या नियमात बसतो की नाही, यावर वाद घालता येतो. पण अकरावी-बारावीची बहुतेक मुलं १८ च्या आतली असतात, आणि त्यांना तंबाखू विकणं कुठेही गुन्हाच आहे, मग टपरी कितीही लांब असो. दुकानावर 'अठरा वर्षांखालील व्यक्तीस विक्री नाही' अशी पाटी पाहिजे. आपल्या मुलाचा क्लास, खोली, मेस जिथे आहे त्या रस्त्यावरून पालकांनी एकदा पायी चालून यावं. फी भरायला जातोच ना आपण. तेव्हाच अर्धा तास काढावा.

टपरीवाली मावशी आपलीच

आता अवघड गोष्ट. आम्ही रेघ मोजली तेव्हा रेघेच्या आत सहा टपऱ्या निघाल्या. त्यांतली एक आमच्याच वस्तीतल्या मावशींची. नवरा वारला, दोन मुली शिकतायत, टपरीवरच घर चालतं. त्या आम्हाला म्हणाल्या, "तुमी अर्ज करा, चांगलंच काम हाय. पर माझ्या पोरींची फी कोण भरतंय ते बी अर्जात लिवा."

त्यांचं बोलणं आम्हाला लागलं. आपल्या समाजाने पाटीलकी आणि सावकारी सोसली आहे. कायद्याचं नाव घेऊन गरिबाच्या पोटावर पाय देणारे आपण होता कामा नये. आम्ही पुन्हा कागद उघडले. शंभर यार्डांच्या आत टपरीला बंदी नाही, तिथे तंबाखू विकायला बंदी आहे. चहा, पोहे, वडापाव, पेन, वह्या, मोबाइल रिचार्ज हे सगळं चालतं. पथविक्रेता कायदा २०१४ प्रमाणे नोंदणी झालेल्या विक्रेत्याला नोटीस न देता असंच उचलता येत नाही. म्हणून आमच्या अर्जात आम्ही 'टपऱ्या हटवा' असं लिहिलं नाही. 'तंबाखूची विक्री थांबवा, विक्रेत्यांना दुसरा माल ठेवायला मुदत द्या' असं लिहिलं.

मावशींनी पुड्या बंद केल्या. खरं सांगायचं तर पहिले दोन महिने त्यांचा गल्ला घटला. बचत गटातून त्यांना चहाच्या भांड्यांसाठी थोडं कर्ज मिळालं. आमच्या कॉलेजच्या मुलामुलींनी ठरवलं की चहा मावशींकडेच प्यायचा. आता बरं चाललंय, पण पूर्वीइतकं नाही. तंबाखूच्या पुडीत जसा हमखास नफा आहे तसा चहात नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. जो समाज टपरीवरची पुडी बंद करायला सांगतो, त्याने टपरीवरचा चहा विकत घेतला पाहिजे.

आणि सगळं सुधारलं असंही नाही. सहापैकी दोन टपऱ्या रेघेच्या पलीकडे सरकल्या, एक अजून लपून विकते. मागच्या भिंतीपाशी संध्याकाळी थोटकं अजून सापडतात. आधी मात्र ती वर्गाच्या दाराशी सापडायची.

नियम सगळ्यांना सारखा

कायदा राबवताना एक डोळा उघडा ठेवा. एखाद्या संस्थेत बांधकामावरचा मजूर बिडी ओढताना सापडतो, त्याची पावती फाटते. सफाई कामगाराला तंबाखूवरून बोलणी बसतात. आणि एखादे साहेब केबिनमध्ये खिडकी उघडून सिगारेट ओढतात, तिकडे कुणी जात नाही. बंदीने अशी माणसं निवडली, तर ती बंदी राहत नाही, जुनीच उतरंड नव्या पाटीखाली येते. म्हणून आग्रह धरा की सुरुवात शिक्षकांच्या खोलीपासून आणि कार्यालयापासून व्हावी. पावतीपुस्तकातली नावं हुद्द्यासह दिसली पाहिजेत. सारखेपणा मागणं हा आपला हक्क आहे.

याला मराठवाड्यात वेगळा अर्थ आहे. विद्यापीठाच्या नामांतरासाठी नांदेड जिल्ह्यातले पोचीराम कांबळे १९७८ मध्ये मारले गेले. १९९३ मध्ये नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतलं. १९९४ मध्ये नामांतर झालं आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभं राहिलं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतली आपली मुलं आज तिथे शिकतात. कॉलेजचं दार आपल्याला फुकट मिळालेलं नाही. त्या दारात उभं राहून आपलं पोर मावा तोंडात टाकत असेल, तर आपण गप्प बसायचं का?

तोंड बघा, तीन बोटं घाला

आता घरातलं काम. महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात तोंड उघडा. गालाच्या आत, जिभेखाली, हिरड्यांवर बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, गिळताना त्रास, बसलेला आवाज, विनाकारण हलणारा दात, यांतलं काहीही दिसलं तर थांबू नका. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. ती जात नसतील, तिखट सोसत नसेल, तर सुपारी आणि मावा यांनी तोंडाची आतली कातडी ताठ होत चालली आहे असं समजून लगेच दाखवा. ही कर्करोगाच्या आधीची अवस्था असू शकते. नुसती सुपारीही कर्करोग करते. तंबाखू नाही म्हणून ती निर्धोक होत नाही.

नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत तपासणी करून घेता येते. कर्करोग निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा गैरसमज आहे. धूम्रपानाने क्षयरोगाचा धोकाही वाढतो. दहा बाय दहाच्या खोलीत एक जण बिडी ओढतो तेव्हा लेकराबाळांसकट सगळं घर ती ओढत असतं.

सोडायचं कसं

तलफ आली की ती जन्मभर टिकणार असं वाटतं. प्रत्यक्षात काही मिनिटांत तिचा जोर उतरतो. तेवढा वेळ काढायचा. पाणी प्या, तोंडात बडीशेप टाका, उठून दुसरं काम धरा. आणि श्वासाकडे लक्ष द्या. आपण विहारात आनापान करतोच. तलफ आली, वाढली, उतरली, हे नुसतं बघायचं. अनित्यता समजायला यासारखा दुसरा धडा नाही.

एक तारीख ठरवा, घरात सांगा, पुड्या-डब्या बाहेर टाका. पुन्हा एकदा खाल्ली म्हणून सगळं संपलं असं मानू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करा. तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी मदत क्रमांक मोफत आहे. तिथे समुपदेशक बोलतात. फार दिवसांची सवय असेल तर डॉक्टरांना विचारून औषधंही घेता येतात. सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका ओढणाऱ्याच्या तुलनेत निम्म्यावर येतो.

हिशेबही करा. दिवसाला ४० रुपये म्हणजे वर्षाला १४,६०० रुपये. एवढ्यात मुलीची पुस्तकं आणि बसचा पास होऊन वर उरतात.

मुलगा खातो असं कळलं तर आधी मारू नका, चारचौघांत लाजवू नका. लाज वाटली की मूल लपून खातं. त्या लातूरच्या मुलाला त्याच्या आईने एवढंच विचारलं, "बाळा, पहिल्यांदा कधी खाल्लास?" तो तासभर बोलला. त्याचं तोंड अजून पूर्ण उघडत नाही. डॉक्टरांनी व्यायाम दिलाय, औषध चालू आहे. मावा बंद आहे.

सुरुवात विहारापासून

कॉलेजला सांगायला जाण्याआधी आम्ही स्वतःकडे बघितलं. विहाराच्या पायरीवरच पिचकाऱ्या होत्या. मागे अभ्यासिका, पुढे पुड्या. पंचशीलातलं पाचवं शील आपण रोज म्हणतो. तंबाखू ही काही दारू नव्हे, असा वाद काही ज्येष्ठांनी घातला. मान्य. पण त्या शीलाचा रोख नशेने येणाऱ्या बेसावधपणावर आहे. पुडी हातात नसली की जीव कासावीस होतो, ती माणसाची गुलामीच. गुलामी झुगारण्यासाठीच तर आपण धम्म घेतला.

आम्ही पायऱ्या धुतल्या. विहारावर आणि अभ्यासिकेवर पाटी लावली, खाली दोन नावं लिहिली, एक उपासिकेचं आणि एक विद्यार्थ्याचं. जयंतीच्या मिरवणुकीत कार्यकर्त्यांनी तंबाखू खायची नाही, असं ठरलं. दाभडच्या बावरीनगर महाविहाराच्या धम्म परिषदेला पौष पौर्णिमेला आपली हजारो माणसं जातात. तिथे जाताना गाडीत पुडी न्यायची नाही, एवढं एका कुटुंबाने ठरवलं तरी ती सुरुवात आहे.

आपल्या वस्तीजवळच्या शाळा-कॉलेजच्या कुंपणापासून या रविवारी सव्वाशे पावलं मोजा. सोबत एक वही आणि एक शाळकरी पोर घ्या. रेघेच्या आत काय दिसतं ते लिहा. आणि सोमवारी पहिला अर्ज द्या.

नमो बुद्धाय, जयभीम.